मावशीच्या मोबाइलातलं आभाळ

मावशीच्या मेंढ्या चारा बघून चरत नसत, रेंज बघून चरत. आमच्या शिवारात गवताची बरी जागा म्हणजे नाल्याची कड, पण तिथं मोबाइल मुका व्हायचा. रेंज होती ती गावाबाहेरच्या माळावर. वाळूजकडच्या कुणीतरी तो माळ विकत घेऊन प्लॉट पाडले होते, सिमेंटचे खांब रोवले होते, आणि बाजूलाच टॉवर उभा राहिला होता. गवत म्हणाल तर नावाला. तरी मावशी सकाळी उठून मेंढ्या घेऊन तिकडंच जायची. मेंढ्या दगडं हुंगत फिरायच्या आणि मावशी अर्धवट बांधलेल्या कंपाउंडच्या भिंतीवर बसून मोबाइलशी बोलायची. कुणी म्हटलं, "अगं, मेंढरं उपाशी मारशील," तर म्हणायची, "त्यांला उपास नवा हाय का? जरा जगात काय चाललंय ते बी कळू दे."

मावशी माझी सख्खी कुणी नव्हती. सगळं गावच तिला मावशी म्हणायचं. मेंढरं राखणाऱ्या घरातली, नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही, हनुवटीवर गोंदण आणि जिभेला हाड नाही. तिचा धाकटा भाऊ शहरात उस्मानपुऱ्यात मोटारसायकली दुरुस्त करायचा. एकटी बहीण रानात फिरते, काही झालं तर कळणार कसं, म्हणून त्यानं तिला मोठ्या काचेचा मोबाइल आणून दिला. रिचार्जही तोच तिकडून मारायचा. मावशीनं जुन्या घोंगडीचा तुकडा फाडून पिशवी शिवली, मोबाइल तिच्यात घातला आणि पिशवी गळ्यात. आमच्या आळीत बाईच्या मालकीचा असा तो पहिलाच मोबाइल. बाकी घरांत मोबाइलला बायांचा हात लागायचा तो चार्जिंगला लावण्यापुरता.

मला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही.

त्याला कारण होतं. मी दहावी पास. लग्न होऊन या गावात आले तेव्हा बायांमध्ये धडधड वाचता येणारी मीच. बियाण्याच्या पिशवीवर काय लिहिलंय, फवारणीच्या बाटलीवर माप काय सांगितलंय, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कसली सूचना आली, हे विचारायला बाया माझ्या ओट्यावर यायच्या. दळण ठेवून बसायच्या, चहा व्हायचा. मला ते आवडायचं. मग गावाचा मोबाइलवर ग्रुप झाला. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, सगळे त्यावर लिहायला लागले आणि फळ्यावर लिहिणं बंद पडलं. लसीकरणाची एक जुनी सूचना पुसट होत तशीच राहिली. ग्रामपंचायतीत जाऊन काही विचारलं की शिपाई मान वर न करता म्हणायचा, "ग्रुपवर टाकलंय की."

ग्रुपवर सगळे बाप्ये. माझ्याकडं होता बटणांचा मोबाइल. फोन यायचा, फोन जायचा, बस. मालकांकडं, म्हणजे माझ्या नवऱ्याकडं, मोठा मोबाइल होता, पण मालक वाळूजला कंपनीत. जमीन त्यांच्या नावावर, म्हणून शेतीचे सगळे मेसेज त्यांच्या नंबरवर. आणि कंपनीत आत मोबाइल न्यायची बंदी. त्यामुळं पाऊस, कीड, बाजारभाव, सगळं दिवसभर लॉकरमध्ये कोंडून. वावर मी करायची आणि वावराची बातमी लॉकरला जायची.

अशात मावशीचा मोबाइल आला, आणि बाया माझा ओटा सोडून तिच्या भिंतीकडं चालायला लागल्या.

तिला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. हे मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल, त्याला गणती नाही. पण तिला वाचायची गरजच नव्हती. भावानं तिला एक खूण दाखवून ठेवली होती. ती दाबली की मोबाइल ऐकायचा आणि आतून एक बाई उत्तर द्यायची. मावशी तिला 'बाई' म्हणायची, मास्तरीणबाईला म्हणावं तसं. पहिल्या पहिल्यांदा बाईला मावशीची बोली कळेना. "उद्या पाऊस हाय का नाय, लवकर सांग," असं विचारलं की बाई भलतंच काहीतरी बोलायची. मग मावशीनं शहरी भाषा उचलली. पदर डोक्यावर सारखा करायची, घसा खाकरायची आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखी विचारायची, "उद्या पाऊस पडेल का?" तेवढ्यात एखादी मेंढी खांबावर चढायला लागली की त्याच दमात, "हर्र, तुझ्या मढ्यावर पडला पाऊस," आणि पुन्हा मोबाइलकडं वळून, "माफ करा हं."

बाया पदरात तोंड खुपसून हसायच्या. मी लांबून, आमच्या बांधावरून बघायची. मला हसू यायचं नाही.

मोबाइल ती कुणाच्या हातात द्यायची नाही. कुणी हात पुढं केला की म्हणायची, "मोबाइल आन् नवरा, उसना द्यायचा नसतो." अंदाज खरा ठरला की मान मावशीचा, खोटा ठरला की दोष बाईचा. "आभाळाचं आभाळ जाणं. मी आपलं बाई काय म्हणती ते सांगते," असं म्हणून मोकळी व्हायची.

एका वर्षी मका काढून मी कणसं वावरातच पसरली होती. ऊन चांगलं होतं. दुपारनंतर बघते तर आजूबाजूच्या सगळ्या वावरांत ताडपत्र्या दिसायला लागल्या. मला वाटलं, लोकांना काय एकदम सुचलं? तासाभरात आभाळ भरून आलं आणि असा पाऊस झाला की माझी कणसं पाटासारखी वाहून बांधाला लागली. संध्याकाळी मालक आले. मी काही बोलायच्या आत त्यांनी मोबाइल काढून दाखवला.

"सकाळीच आला होता मेसेज. पिकं झाकून ठेवा म्हणून."

"मग?"

"मग काय? मी आत होतो. सुट्टी झाल्यावर बघितला."

ते खोटं बोलत नव्हते, म्हणून तर जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी मी तणतणत माळावर गेले. मावशी भिंतीवर बसून तंबाखू मळत होती.

"मावशी, समद्यांना सांगितलंस पावसाचं. माझंच वावर तुला दिसलं नाय का?"

"दिसलं की."

"मग सांगितलं का नाय?"

"तू इचारलं का?" तंबाखू दाढेत धरून ती म्हणाली. "बाकीच्या येत्यात, बसत्यात, इचारत्यात. तू बांधावरनं बघतीस. मला वाटलं, शिकलेली बाई हाय, तिला कळत आसंल."

मी आले तशी परत फिरले. भिजलेल्या मक्याला बुरशी धरली, त्यातला बराचसा मावशीच्याच मेंढ्यांना घालावा लागला. मेंढ्यांनी आवडीनं खाल्ला.

तेव्हापासून मी जायला लागले. नाइलाज होता. जाताना वाटेत रोज ठरवायची की आज फक्त आभाळाचं विचारायचं आणि परत फिरायचं. पण मावशी तसं फिरू द्यायची नाही. आधी मेंढीच्या खुराचं दुखणं सांगायची, मग भावजयीच्या कागाळ्या, मग शहरात क्रांती चौकात एकदा ती रस्ता ओलांडता येईना म्हणून अर्धा दिवस एकाच बाजूला कशी बसून राहिली ते. ऐकावं लागायचं. त्याशिवाय घोंगडीच्या पिशवीतून मोबाइल बाहेर यायचा नाही.

एक दिवस बाईचं बोलणं चालू असताना मी मान वाकडी करून काचेवर बघितलं. वर आभाळाचं चित्र, आकडे, आणि त्याखाली बारीक अक्षरात गावाचं नाव. आमच्या गावाचं नव्हतं. उस्मानपुरा लिहिलं होतं. भावानं दुकानात बसून सगळं लावून दिलं होतं, ते तसंच राहिलं होतं. म्हणजे इतके महिने सगळं गाव उस्मानपुऱ्याचं आभाळ ऐकून कुळव जुंपत होतं आणि वाळवणं घालत होतं.

मला जो आनंद झाला तो काय सांगू. सणाला नवं लुगडं मिळाल्यावर होत नाही तसा झाला. चार बाया बसलेल्या होत्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मावशी, हे आपल्या गावचं आभाळच नाय. ही तुझी बाई उस्मानपुऱ्याचं सांगती."

बाया मावशीकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता ही खाली मान घालील. मावशीनं मोबाइल उलटा सुलटा करून बघितला, काच पदरानं पुसली आणि म्हणाली, "मग काय झालं? माझा भाऊ राहतो तिथं. त्यो भिजला का नाय, ते तर कळतं."

बाया इतक्या हसल्या की माझा सगळा विजय त्यात वाहून गेला. हसणं ओसरल्यावर मावशी मला म्हणाली, "आपल्या गावचं लावता येतंय का तुला?"

त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. पिशवी गळ्यातून काढली नाही, त्यामुळं मला तिच्या खांद्याला खांदा लावून बसावं लागलं. मी गावाचं नाव टाकलं. काच गुळगुळीत होती, बोट लावलं की सगळं सरकायचं. मोबाइल परत देताना माझं बोट जरा जास्तच वेळ त्याच्यावर राहिलं. मावशीनं ते बघितलं असावं.

मग ते कोरडं वर्ष आलं. पेरणीपुरता पाऊस झाला आणि पुढं आभाळानं तोंड फिरवलं. कापूस गुडघ्याएवढा होऊन थांबला, तूर पिवळी पडली. विहिरीच्या तळापर्यंत पोहरा सोडला तरी बादली भरेना. माळावर मात्र काम थांबलं नव्हतं. प्लॉटवर बंगले उठत होते आणि त्यांच्या बांधकामाला टँकरनं पाणी येत होतं. मावशी टँकरवाल्याशी भांडून सांडलेल्या पाण्यावर मेंढ्या पाजायची.

दुष्काळाची मदत मिळेल असं लोक बोलायला लागले, पण सातबाऱ्यावर पिकाची नोंद पाहिजे. पूर्वी तलाठी येऊन ती करायचा. आता ज्याची त्यानं मोबाइलवर करायची होती. वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि भरायचा. मालकांना त्या दिवसांत सुट्टी नव्हती. कंपनीत माणसं कमी, एकाला दोन पाळ्या. ते घरी यायचे तेव्हा अंधारात फोटोत नुसता काळोख यायचा. मुदत संपत आली. तलाठ्याला भेटले तर तो म्हणाला, "वहिनी, मोबाइलशिवाय मला काही करता येत नाही. घरात मोबाइल आहे ना?"

"आहे," मी म्हणाले. "लॉकरमध्ये आहे."

त्याला कळलं नाही. मी माळावर गेले आणि मावशीकडं मोबाइल मागितला. एका दुपारपुरता.

"उसना नाय," मावशी म्हणाली.

"मावशी, पीक नोंदलं नाय तर आमच्या वावरात पीकच नव्हतं असं व्हईल. वर्षभर मरमर केली ती कागदावर पडीक लागंल."

"मी कुठं नाय म्हणते? मी येते. मोबाइल गळ्यात, मी मोबाइलासंगं."

आणि ती आली, मेंढ्यांसकट, कारण मेंढ्या कुणाच्या भरवशावर टाकणार? आम्ही दोघी कापसात उभ्या राहिलो. मी अक्षरं भरत होते, ती मोबाइल पिशवीसकट माझ्यापुढं धरून उभी होती. नंबर मालकांचा टाकला तर खुणेचा आकडा, म्हणजे ओटीपी, त्यांच्याच मोबाइलवर जाणार, म्हणून मावशीचा नंबर टाकला. मोबाइल उंच धरल्यावर रेंजची एक काडी लागली, आकडा आला, बाईनं वाचून दाखवला. एवढं होईपर्यंत मागं तुरीत सळसळ झाली. वळून बघते तर मेंढ्या तुरीच्या ओळीत शिरलेल्या.

"मावशी, तुझी मेंढरं बघ."

"आगं फोटू काढ आधी. खाल्ल्यावर काय काढशील?"

मी फोटो काढला. त्यात तूर होती, तुरीत तोंड घातलेली एक मेंढी होती, आणि कोपऱ्यात मावशीचा अंगठा. दुसरा काढावा म्हटलं तर मावशी मेंढ्यांमागं पळाली, आणि मोबाइल तिच्या गळ्यात. तिच्यामागं मी पळाले. शेवटी माळावर जाऊन रेंजमध्ये उभं राहिल्यावर ते सगळं कुठंतरी वर गेलं आणि हिरवी खूण आली. मावशी त्या खुणेकडं लांबूनजवळून बघत राहिली. "झालं? कागदावर आपलं वावर आलं?" तिनं विचारलं. तिच्या स्वतःच्या नावावर वीतभरही वावर नव्हतं.

हे गावात पसरायला वेळ लागला नाही. ज्यांचे बाप्ये वाळूजला, ज्यांचे ऊसतोडीला, ज्यांचे नाहीतच, त्या सगळ्या बाया आल्या. मुदत संपेपर्यंत आम्ही रोज एकेकीच्या वावरात जात होतो. मावशी पुढं, मेंढ्या मागं, मी मध्ये. अक्षर न् अक्षर मी भरत होते. पण नोंद झाली की बाया पाया पडायच्या मावशीच्या. भाकरी बांधून द्यायच्या तिला. कुणी दही आणलं, ते तिला. मला म्हणायच्या, "बरं झालं, मावशीकडं मोबाइल हाय." मी हो म्हणायची. घरी आल्यावर भांडी घासताना भांड्यांचा आवाज जरा जास्त व्हायचा.

मदत आली. उशिरा आली, पण ज्यांची नोंद होती त्यांना आली. आमच्या वावराचीही आली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भावानं मावशीला नवा मोबाइल आणला, आणखी मोठ्या काचेचा. मी ते ऐकलं आणि घरी येऊन माझ्या जुन्या लुगड्यातला एक चांगला तुकडा बाजूला काढला. पिशवी शिवायला. जुना मोबाइल मलाच येणार, यात मला शंका नव्हती. त्या मोबाइलमधलं काय कुठं आहे ते मावशीपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. मी दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी सकाळी माझी थोरली जाऊ अंगणात मोबाइल हातात घेऊन उभी होती. घोंगडीच्या पिशवीसकट.

"मावशीनं दिला," ती म्हणाली. तिलाच नवल वाटत होतं.

माझी जाऊ कधी माळावर गेली नव्हती. मावशीशी तिचं बोलणं म्हणजे वाटेत दिसली तर "मेंढरं आवर" एवढंच. मी हातातला झाडू तिथंच टाकला आणि निघाले. मावशी भिंतीवर होती, नव्या मोबाइलला नवी पिशवी शिवत होती.

"मावशी, तुझ्यासाठी मी काय कमी केलं?"

ती सुई ओवत राहिली.

"उन्हातान्हात तुझ्यामागं फिरले. तुझ्या मेंढरांनी तूर खाल्ली, बोलले नाय. समदं मी भरलं आन् पाया तुझ्या पडल्या, तरी बोलले नाय. आन् मोबाइल तिला?"

"तिला दिला," मावशी म्हणाली. "ती तशी बी येत नव्हती."

मला आधी उमगलंच नाही. ती पुढं म्हणाली, "तुला दिला आसता, तर तू उद्यापासनं कशाला आली आसतीस?"

हे बोलताना तिनं वर बघितलं नाही. दोरा दातानं तोडला आणि पिशवी गळ्यात घालून लांबी बघायला लागली. मेंढ्या इकडंतिकडं पांगल्या होत्या. मी दोन खडे मारून त्या वळवल्या आणि घरी आले.

राग मात्र गेला नाही. जावेच्या हातात तो मोबाइल दिसला की मी तोंड फिरवून दुसऱ्या कामाला लागायची. जाऊही खूश नव्हती. एकदा चुलीपाशी मला म्हणाली, "मोबाइल मला दिला, पण माळावरनं हाक मारती ती तुलाच. माझ्याशी काय वाकडं हाय तिचं?" तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी लगेच ओळखलं. ते माझ्या घरचंच होतं.

पुढच्या हंगामात मालकांनी नवा मोबाइल घेतला आणि आधीचा मला दिला. कोपऱ्यात काच तडकलेली, पण चालू. आता आमच्या गावचं आभाळ मला घरबसल्या, मावशीच्या आधी दिसायला लागलं. मी ते तिला सांगितलं नाही. दळणाच्या पिशवीत मोबाइल खाली घालायची, वर भाकरीचं फडकं टाकायची आणि रोजच्यासारखी माळावर जायची. भिंतीवर बसायची. भावजयीच्या कागाळ्या ऐकायची. मग विचारायची, "मावशी, उद्याचं आभाळ काय म्हणतं?" मावशी पदर सारखा करायची, घसा खाकरायची आणि शहरी आवाजात बाईला विचारायची.

एकदा तिचं असं चालू असताना माझी पिशवी वाजायला लागली. मालकांचा फोन असणार. मला आवाज बंद करता येईना, फडकं मध्ये येत होतं. मावशी बोलता बोलता थांबली. तिनं मेंढ्यांकडं बघितलं, टॉवरकडं बघितलं, पिशवीकडं मात्र बघितलं नाही.

"कुणाचा तरी वाजतोय गं," ती म्हणाली, आणि आवाज चढवून मला उद्याचं आभाळ सांगायला लागली.